थोरांची ओळख : फ्रँकलिन रूझवेल्ट आणि पायांतलं बळ नेणारा आजार



पोलिओचा रविवार आला की आपल्यापैकी कित्येक जणांची बूथवर ड्युटी लागते. अंगणवाडीताई, आशाताई, नर्सबाई आणि आपण. महाडच्या एसटी स्टँडवर उतरलेलं बाळ असो की पोलादपूरच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरचं, दोन थेंब तोंडात आणि डाव्या करंगळीला शाई. हे काम आता इतकं अंगवळणी पडलंय की या थेंबांमागे कोणाकोणाची आयुष्यं उभी आहेत, हे आपल्या लक्षातही येत नाही.

त्यातलंच एक आयुष्य आज सांगायचं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं. वयाच्या ३९ व्या वर्षी त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. डॉक्टरांनी पोलिओ सांगितला. त्या एका निदानातून पोलिओविरुद्धची जगातली सगळ्यात मोठी लोकवर्गणी उभी राहिली आणि पुढे लस आली. पण त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी काही डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासल्या आणि वेगळीच शंका मांडली. रूझवेल्ट यांना झालेला आजार पोलिओ नसून जीबीएस असावा, म्हणजे शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा चुकून आपल्या नसांवर उलटली असावी, असं त्यांचं म्हणणं.

जीबीएस हा शब्द आपण २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या बातम्यांमध्ये रोज ऐकला. म्हणून ही गोष्ट नुसती इतिहासाची नाही. एखादं मूल सकाळी उठून पायात जोर नाही म्हणालं, तर आपण काय करायचं, याचीही ती गोष्ट आहे.

बालपण आणि सुरुवातीचा काळ

फ्रँकलिन यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा. आपल्याकडे हा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात, त्यामुळे तारीख मुलांच्या लक्षात राहील. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी हाइड पार्क नावाचं गाव आहे, तिथल्या श्रीमंत घराण्यातला हा मुलगा. वडील जेम्स, आई सारा. घोडे, बोटी, शिकवायला घरी येणारे मास्तर, कशालाच कमी नव्हती. पुढे हार्वर्ड विद्यापीठात शिक्षण झालं, मग कायद्याचा अभ्यास. १९०५ मध्ये एलिनॉर यांच्याशी लग्न झालं.

१९१० मध्ये ते न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटवर निवडून आले. १९१३ पासून सात वर्षं नौदल खात्यात साहाय्यक सचिव होते. १९२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि हरले. पण नाव देशभर झालं. उंचपुरा, देखणा, पोहणारा, बोट चालवणारा, सतत धावपळ करणारा माणूस. पाच मुलं घरात. अशा माणसाबद्दल कोणी म्हटलं असतं की वर्षभरात हा स्वतःच्या पायावर उभा राहू शकणार नाही, तर कोणाचा विश्वास बसला नसता.

ऑगस्ट १९२१ : तीन दिवसांत काय झालं?

कॅनडाच्या किनाऱ्याजवळ कॅम्पोबेलो नावाचं बेट आहे. तिथे रूझवेल्ट कुटुंबाचं उन्हाळ्यातलं घर होतं. १९२१ च्या ऑगस्टमध्ये ते तिथे सुट्टीला गेले. त्याच्या थोडे दिवस आधी ते न्यूयॉर्कजवळ मुलांच्या एका स्काउट शिबिराला भेट देऊन आले होते. संसर्ग तिथेच झाला असावा असं बरेच जण मानतात.

१० ऑगस्टला त्यांनी मुलांना घेऊन बोट चालवली, वाटेत एका ठिकाणी लागलेला वणवा विझवला, मग थंडगार पाण्यात पोहले आणि ओल्या कपड्यांतच टपाल वाचत बसले. संध्याकाळी हुडहुडी भरली. जेवण न करताच झोपले. दुसऱ्या दिवशी ताप आला आणि एक पाय ओढल्यासारखा वाटायला लागला. दिवस संपेपर्यंत दुसऱ्या पायातलाही जोर कमी झाला. १२ तारखेला त्यांना उभंच राहता येईना. नंतरच्या दिवसांत अशक्तपणा वर सरकला. हात, पाठ, चेहऱ्याचे स्नायू, सगळ्यांवर कमीजास्त परिणाम झाला. लघवी आपोआप होईना, नळी घालावी लागली. कातडी इतकी हुळहुळी झाली की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नव्हता.

आता बघा, घर श्रीमंताचं, ओळखी मोठमोठ्या, तरीही अचूक सांगणारा डॉक्टर मिळायला दोन आठवडे लागले. गावातल्या डॉक्टरांना आधी साधी सर्दी वाटली. जवळच सुट्टीला आलेले एक नामांकित, पण ८४ वर्षांचे शल्यचिकित्सक बोलावले. त्यांनी मज्जारज्जूत रक्ताची गाठ झाली असावी असं सांगितलं आणि जोरात मालिश करायला सांगितलं. एलिनॉर आणि रूझवेल्ट यांचे सहकारी लुई हाउ रात्रंदिवस पाय चोळत राहिले. शेवटी २५ ऑगस्टला बोस्टनहून डॉ. लोवेट आले. त्यांनी पोलिओ असल्याचं सांगितलं आणि पहिलं काम केलं ते मालिश थांबवण्याचं. दुखऱ्या, हुळहुळ्या स्नायूंना त्या अवस्थेत चोळणं बरं नाही, असं त्यांचं मत होतं.

आपल्या भागातल्या पालकांनी ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. मुलाच्या पायात अचानक जोर राहिला नाही की आपल्याकडे काय होतं? कोणी म्हणतं अंगावरून वारं गेलं. कोणी भगताकडे नेतं, अंगारा लावतं. कोणी तेल गरम करून मालिश सुरू करतं. सगळे प्रेमापोटीच करतात. पण या आजारांत पहिले दिवस फार मोलाचे असतात आणि ते असेच निघून जातात.

पोलिओ आणि जीबीएस यांत फरक काय?

वर्गात समजावून सांगता येईल अशा भाषेत लिहितो.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून. बहुतेकांना काहीच होत नाही किंवा थोडा ताप येऊन जातो. साधारण दोनशे जणांमागे एकाच्या बाबतीत तो मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारून टाकतो. म्हणजे नुकसान विषाणू स्वतः करतो. लुळेपणा बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा नसतो. एक पाय जास्त, दुसरा कमी. मूल हालचाल करू शकत नाही, पण स्पर्श त्याला कळतो.

गुलेन-बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, वेगळ्या वाटेने येतो. आधी एखादा संसर्ग होतो. जुलाब, सर्दी-ताप, फ्लू, कधी झिका किंवा चिकुनगुनियासारखा विषाणू. तो बराही होतो. आणि मग एक ते चार आठवड्यांनी हातापायांना मुंग्या येतात, पायांतला जोर जातो, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच, आणि अशक्तपणा खालून वर चढत जातो.

असं का होतं? आपल्या भातलावणीच्या दिवसांतलं उदाहरण घेऊ. भर पावसात गावात चोर शिरला. त्याच्या डोक्यावर इरलं होतं. राखणदाराने तेवढंच बघितलं आणि मनात धरून ठेवलं, की इरलंवाला दिसला की काठी घालायची. चोर पळून गेला. पण दुसऱ्या दिवशी शेतावर निघालेली घरची माणसंही इरली घेऊनच बाहेर पडणार ना? राखणदार त्यांनाच झोडपायला लागला. आपल्या शरीरातली संरक्षण यंत्रणा म्हणजे हा राखणदार. काही जंतूंच्या अंगावरची खूण आणि आपल्या नसांवरची खूण सारखी असते. जंतू संपतो, पण त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं नसांवर तुटून पडतात. विजेच्या वायरवर प्लॅस्टिकचं आवरण असतं तसं नसेवर एक आवरण असतं. बहुधा ते सोललं जातं, काही रुग्णांत आतली तारच दुखावते. मेंदूचा हुकूम निघतो, पण स्नायूपर्यंत पोचत नाही.

जीबीएसचं एक बरं आहे. आवरण पुन्हा भरून येऊ शकतं. त्यामुळे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात, बरेच जण पुन्हा चालतात. धोका आहे तो श्वासाचा. अशक्तपणा छातीपर्यंत चढला तर श्वास घेणारे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर लागतो. साधारण चारांतल्या एका रुग्णावर ही वेळ येते. म्हणून घरी वाट बघत बसायचं नाही.

या आजाराचं वर्णन फ्रान्समधल्या गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या डॉक्टरांनी १९१६ मध्ये केलं. पहिल्या महायुद्धातले दोन सैनिक त्यांचे रुग्ण होते. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली, पण पेशी वाढलेल्या नाहीत, ही त्यांना सापडलेली खूण. रूझवेल्ट आजारी पडले तेव्हा या गोष्टीला जेमतेम पाच वर्षं झाली होती.

मग रूझवेल्ट यांना नक्की काय झालं होतं?

२००३ मध्ये डॉ. आर्मंड गोल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या लक्षणांचा हिशेब मांडला. वय ३९, पोलिओ मात्र बहुतेक लहान मुलांचा आजार. अशक्तपणा दोन्ही बाजूंना आणि खालून वर गेलेला. चेहऱ्यावर परिणाम. लघवी-शौचाचा त्रास बरेच दिवस. कातडीचा तो हुळहुळेपणा. सुधारणाही वरून खाली झाली, म्हणजे चेहरा आणि हात आधी सुधारले, पाय शेवटपर्यंत नाहीत. यावरून जीबीएसची शक्यता जास्त दिसते, असा त्यांचा निष्कर्ष.

सगळ्यांना तो पटला नाही. सुरुवातीलाच चढलेला ताप आणि पायांत कायमचा राहिलेला लुळेपणा हे पोलिओकडेच बोट दाखवतात, असं दुसऱ्या बाजूचे अभ्यासक म्हणतात. वाद मिटलेला नाही. आणि १९२१ मध्ये नेमकं नाव कळलं असतं तरी उपाय दोन्हींवर नव्हता. आज जीबीएसवर बाहेरून चांगली प्रतिपिंडं देण्याचा (आयव्हीआयजी) आणि रक्तातला पातळ भाग बदलण्याचा (प्लाझ्मा एक्स्चेंज) असे दोन उपचार आहेत. ते १९८० नंतरच्या काळात रुळले.

चालण्यासाठीची सात वर्षं

न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमधून रूझवेल्ट ऑक्टोबर १९२१ च्या अखेरीस घरी आले. आईचं म्हणणं, आता राजकारण पुरे, हाइड पार्कला येऊन शांत राहा. आईची माया कळण्यासारखी आहे. एलिनॉर आणि लुई हाउ यांना मात्र पक्कं वाटत होतं की या माणसाला घरात बसवलं तर तो खचेल. रूझवेल्ट यांनी बायकोचं आणि मित्राचं ऐकलं.

मग सुरू झाली रोजची खटपट. कंबरेपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या बांधायच्या, गुडघ्याशी कड्या अडकवायच्या, कुबड्या घ्यायच्या आणि अंगणातून फाटकापर्यंत जायचा प्रयत्न करायचा. पडायचं, उठायचं. घरात वापरायला त्यांनी साध्या खुर्चीला चाकं लावून घेतली. हाताने चालवता येईल अशी मोटार करून घेतली. मुलांपासून पाय लपवले नाहीत. कोणता स्नायू हलतो, कोणता नाही, हे ते मुलांना दाखवत.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गेले. आपल्या महाडजवळ सव गावाला गरम पाण्याचे झरे आहेत ना, तसेच तिथेही आहेत. पाणी साधारण ३१ अंश, कोमट. पाण्यात शरीराचं वजन कमी वाटतं, त्यामुळे जमिनीवर न हलणारे पाय तिथे थोडे हलायचे. बातमी छापून आली आणि देशभरातून लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले. १९२६ मध्ये रूझवेल्ट यांनी आपल्या संपत्तीतला मोठा वाटा घालून ती जागाच विकत घेतली आणि १९२७ मध्ये तिथे संस्था स्थापन केली. ते स्वतः पाण्यात उतरून दुसऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायचे.

१९२७ हे साल महाडच्या माणसाला वेगळ्या कारणाने पाठ असतं. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आता हेही सांगायला हवं, की वॉर्म स्प्रिंग्जचं पाणी फक्त गोऱ्या रुग्णांसाठी होतं. काळ्या मुलांना तिथे उपचारासाठी जागा नव्हती. त्यांच्यासाठी टस्कीगी इथे वेगळं केंद्र सुरू व्हायला १९४१ साल उजाडलं. थोर माणसाची ओळख करून देताना हा भाग गाळू नये. मुलांना विचारा, आजार जात बघून होतो का? मग पाण्याला जात आणि रंग कोणी लावला?

पुन्हा लोकांसमोर

१९२४ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पक्षाचं मोठं अधिवेशन होतं. रूझवेल्ट यांना भाषण करायचं होतं. मुलगा जेम्स याच्या दंडाला धरून, कुबड्यांवर, ते व्यासपीठाजवळ गेले. शेवटची पावलं एकटे चालले. मेजाला घट्ट धरून उभे राहिले. सभागृहाने त्यांना डोक्यावर घेतलं.

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष. तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. बँका बुडत होत्या, लाखो लोक बेकार होते. त्यांनी सरकारी कामं काढली, १९३५ मध्ये म्हातारपणाची पेन्शन आणि बेकारी भत्त्याचा कायदा केला. १९३६, १९४० आणि १९४४ मध्येही निवडून आले. चार वेळा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले ते एकटेच. दुसरं महायुद्ध त्यांच्याच काळात झालं. या कारकिर्दीत डागही आहेत. जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, तेही त्यांच्याच आदेशाने.

एक गोष्ट लक्षात घ्या. आपले पाय चालत नाहीत हे ते लोकांना फारसं दिसू देत नसत. पट्ट्यांना काळा रंग दिलेला असे. चाकांच्या खुर्चीतले फोटो वर्तमानपत्रं छापत नसत. लुळा माणूस देश काय चालवणार, असा तेव्हाचा समज होता. १ मार्च १९४५ ला मात्र त्यांनी संसदेसमोर बसून भाषण केलं आणि पायांवरच्या सुमारे १० पौंड, म्हणजे साडेचार किलो लोखंडाचा उल्लेख करून त्याबद्दल माफी मागितली. बसून बोललो म्हणून माफी! आपल्या वर्गातल्या दिव्यांग मुलाला कधी अशी माफी मागावीशी वाटू नये, हे बघणं आपलं काम.

दहा-दहा सेंटची वर्गणी

१९३४ पासून त्यांच्या वाढदिवशी, ३० जानेवारीला, गावोगावी नाचगाण्याचे कार्यक्रम होऊ लागले. त्यातून वॉर्म स्प्रिंग्जसाठी निधी जमायचा. १९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी पोलिओसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. विनोदी कलाकार एडी कँटर यांनी रेडिओवरून लोकांना सांगितलं, की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे १० सेंटचं नाणं, थेट राष्ट्राध्यक्षांना पाठवा. राष्ट्राध्यक्षांच्या घरी टपालाच्या पोत्यांचा ढीग लागला. २६ लाखांहून जास्त डाइम आले. पाठवणाऱ्यांत शाळेतली पोरंही होती.

रूझवेल्ट यांचा मृत्यू १२ एप्रिल १९४५ ला वॉर्म स्प्रिंग्जलाच मेंदूतल्या रक्तस्रावाने झाला. वय ६३. पुढच्याच वर्षी अमेरिकेने डाइम नाण्यावर त्यांचा चेहरा छापला. त्या वर्गणीतून संशोधनाला पैसा मिळत राहिला. १९५४ मध्ये जोनास साल्क यांच्या लशीची मोठी चाचणी झाली, त्यात सुमारे १८ लाख मुलांचा सहभाग होता. लस यशस्वी झाल्याचं जाहीर झालं ती तारीख होती १२ एप्रिल १९५५. रूझवेल्ट यांना जाऊन बरोबर दहा वर्षं झाली होती. पुढे आल्बर्ट सेबिन यांची तोंडावाटे द्यायची लस आली. तेच आपले दोन थेंब.

भारतात पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या हावड्यात सापडला. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

आता विचार करा. रूझवेल्ट यांचा आजार खरंच जीबीएस असेल, तर ज्या माणसाला पोलिओ झालाच नव्हता त्याच्या नावाने जगातून पोलिओ घालवायची तयारी झाली. निदान कदाचित चुकलं असेल, पण त्या निदानामुळे जे काम उभं राहिलं ते लाखो मुलांच्या पायांच्या कामी आलं.

आपल्या शाळेशी याचा संबंध काय?

फार जवळचा आहे. पोलिओ गेला, पण मुलांच्या पायातला जोर अचानक जाणं थांबलेलं नाही. आज आपल्याकडे अशा मुलांत जीबीएस हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे. जानेवारी २०२५ पासून पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत दोनशेहून जास्त संशयित रुग्ण सापडले, काहींचे प्राण गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू आढळला. दोन्ही दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातात. आपल्याकडची किती घरं पुण्यामुंबईला आहेत, हे सांगायला नको. आणि पाणी तर आपल्याकडेही आहेच. जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा विहिरी, टाक्या, नळ सगळं गढूळ झालं. जीबीएस हा दुर्मीळ आजार, वर्षाला लाखात एक-दोन जणांना होणारा. घाबरायचं कारण नाही. पण पाणी उकळून प्यायचं कारण नक्कीच आहे.

असेच संसर्गानंतरचे आणखी दोन प्रकार माहीत असावेत. गोवर झालेल्या साधारण हजार मुलांमागे एकाच्या मेंदूला सूज येते. कांजिण्या बऱ्या झाल्यावर एखादं मूल काही दिवस चालताना झोकांड्या खातं. म्हणून नोव्हेंबर २०१८ ला आपल्या शाळांत झालेली गोवर-रुबेला लसीकरण मोहीम इतकी महत्त्वाची होती. इंजेक्शनच्या भीतीने त्या दिवशी घरी राहिलेली पोरं तुम्हालाही आठवत असतील.

शिक्षक आणि पालकांनी काय बघावं?

१. मूल परवापर्यंत खेळत होतं आणि आज जिना चढता येत नाही, जमिनीवरून उठता येत नाही, सारखं अडखळतं.
२. पायांना किंवा हातांना मुंग्या येतात, पाय दुखतात.
३. मागच्या महिनाभरात जुलाब, ताप किंवा सर्दी होऊन गेली आहे.
४. गिळताना ठसका लागतो, आवाज बदलतो, चेहरा एका किंवा दोन्ही बाजूंनी सैल पडतो, धाप लागते. यातलं काहीही दिसलं तर एक तासही थांबू नका. १०८ ला फोन करा.

आळस करतंय, पीटीचा तास चुकवतंय, असं म्हणून मुलाला उभं करू नका. जोर नसलेल्या पायाला शिक्षा कळत नाही.

१५ वर्षांखालच्या कोणत्याही मुलाच्या हातापायात अचानक लुळेपणा आला, तर ते आरोग्य खात्याला कळवायचं असतं. कारण जीबीएस वाटो की आणखी काही, पोलिओ नाही ना याची खात्री करायची असते. १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले जातात आणि थंड डब्यातून तपासणीला मुंबईच्या प्रयोगशाळेत जातात. ६० दिवसांनी मुलाला पुन्हा बघतात. पालकांनी याला घाबरू नये, नमुना द्यायला नाही म्हणू नये. यासाठी पैसे लागत नाहीत. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितलं की पुढचं ते बघतात. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून रस्त्यापर्यंत यायलाच तास जातो आणि मोठं हॉस्पिटल मुंबई नाहीतर पुण्याला. म्हणून आपण वाया घालवावा असा एकही दिवस आपल्या हातात नाही.

वर्गात घेण्यासाठी

चौथीच्या पुढच्या मुलांना हे प्रश्न देता येतील.

• रूझवेल्ट यांच्या आजाराचं निदान व्हायला किती दिवस लागले? तोपर्यंत कोणते उपाय केले गेले?
• राखणदार आणि इरलं ही गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा.
• दहा सेंटच्या नाण्यांनी मोठं काम कसं झालं? आपल्या गावात वर्गणीतून झालेलं एखादं काम शोधा.
• आपल्या शाळेत चाकांची खुर्ची कुठपर्यंत जाऊ शकते? वर्ग, शौचालय, पाण्याची टाकी, प्रत्येक ठिकाणी जाऊन बघा आणि यादी करा.

शेवटचा उपक्रम जरूर करून बघा. रॅम्प आहे, पण त्याच्या तोंडाशीच बाकांचा ढीग रचलाय, असं काही दिसलं तर ते मुलांनाच सांगू द्या. बाकं हलवायला पाच मिनिटं लागतात.

हा लेख पालक सभेत वाचून दाखवायला हरकत नाही. विशेषतः काय बघावं तो भाग. पावसाळा सुरू व्हायच्या आधी झाला तर जास्त चांगलं.